बुद्धीच्या परीक्षेचा उत्पादन खर्च



मागच्या थंडीत आंबेगाव तालुक्यात धामणीच्या वरच्या अंगाला एका वाडीवर रात्रीची बैठक होती. विषय ज्वारीचा भाव. बैठक संपली, चहा झाला, माणसे उठली. एक साठीचा शेतकरी मागे रेंगाळला. लोक पांगल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही शिकलेले. खरं सांगा, आमचं पोरगं ठोंब आहे का?"

पोरगा बी.ए. झालेला. पाच वर्षे पुण्यात खोली करून राहिलेला. तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद, निघेल त्या जाहिरातीला अर्ज. मराठीत गुण बरे, सामान्य ज्ञानात बरे. गाडी अडते ती बुद्धिमत्ता चाचणीच्या भागात. क्लासवाल्याने बापाला तोंडावर सांगितले होते, "बुद्धीचा भाग कच्चा आहे, अजून एक बॅच करू द्या." त्या अजून एका बॅचसाठी बाप दीड एकर गहाण टाकायला निघाला होता.

कापूसवाल्या भागातल्या मंडळींना वाटेल, जुन्नर-आंबेगाव म्हणजे पाण्याचा मुलूख. इथे कशाला कोणी जमीन गहाण टाकेल? येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे इथे आहेत, नारायणगावला टोमॅटोचा बाजार आहे, ऊस आहे, हे खरे. पण आणे पठारावर चढून पाहा, नाहीतर लोणी-धामणीकडे या. धरण डोळ्यांना दिसते, पाणी रानाला दिसत नाही. बाजरी आणि ज्वारी, तीही पावसाने मनावर घेतले तर. आमच्याकडे कापूस नाही एवढाच तुमच्या-आमच्यात फरक. पोरगा पुण्याला पाठवायचा, त्याच्या मागे पैसा पाठवायचा आणि फोनवर "निकाल कधी?" एवढेच विचारायचे, हे यवतमाळला, बीडला आणि आण्याला सारखेच.

म्हणून या अंकात नोकरीच्या परीक्षेवर लिहितो आहे. शेतकऱ्याच्या कागदात नोकरीचे काय काम, असे कोणी म्हणू नये. कापसाच्या गाठोड्यातून निघालेला पैसा आज कुठे जातो ते पाहिले तर खताच्या दुकानानंतर दुसरा नंबर या परीक्षांचा लागेल, असे मला गावोगाव फिरून वाटू लागले आहे.

चाळणीला बुद्धी म्हणू नका

आधी ही चाचणी आहे काय, ते पाहू. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने नावाच्या माणसाने पहिली बुद्धिमापन चाचणी केली. शाळेत मागे पडणारी मुले हुडकावीत आणि त्यांना जास्त मदत द्यावी, यासाठी ती होती. पोरांवर कायमचा शिक्का मारायला ती केलेली नव्हती. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, अमेरिकेच्या सैन्याने सुमारे सतरा लाख जवानांवर अशा चाचण्या चालवल्या. लाखो माणसे दारात उभी, निवडायला वेळ नाही; मग कागद द्या, घड्याळ लावा आणि चाळा. त्यांत अमेरिकेतल्या जाहिराती आणि विकाऊ माल यांवरचेसुद्धा प्रश्न होते. नुकताच बोटीतून उतरलेला इटलीचा शेतकरी त्यात नापास झाला आणि तज्ज्ञांनी लिहून ठेवले की हे लोक बुद्धीने कमी.

आपल्याकडे आज तेच चालले आहे, फक्त कागदाच्या जागी संगणक आला. शिक्षक भरतीच्या परीक्षेचे नावच 'शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी' असे आहे. २०० प्रश्न आणि १२० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. पोलीस शिपायाचा लेखी पेपर १०० गुणांचा आणि ९० मिनिटांचा. तलाठ्याचा २०२३ चा पेपर १०० प्रश्नांचा, दोन तासांचा. छत्तीस सेकंदांत प्रश्न वाचायचा, समजायचा, सोडवायचा आणि बटण दाबायचे. यात बुद्धी किती आणि हाताची सवय किती?

चाड्यावर मूठ धरणारी बाई आठवा. पहिल्या दिवशी बी कुठे दाट, कुठे विरळ पडते. आठ दिवसांत हात असा बसतो की बोलत बोलत पेरत जाते. तिला कोणी विद्वान म्हणत नाही आणि ज्याला कधी मूठ धरायला मिळाली नाही त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. ही चाचणी म्हणजे अशीच मूठ. शहरातल्या पोराला ती चौथीपासून धरायला मिळते. आपल्या पोराला पदवीनंतर, बाविसाव्या वर्षी कळते की असेही काही असते.

मी स्वतः राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर. पदवीनंतर दोन वर्षे बँकांच्या कृषी अधिकारी पदाच्या परीक्षा दिल्या. ज्वारीवरच्या खोडमाशीचा बंदोबस्त मला झोपेतून उठवला तरी सांगता आला असता. पण दीडशे मीटर लांबीची आगगाडी अमुक लांबीच्या बोगद्यातून किती सेकंदांत बाहेर येते, तिथे मी दोन्ही वेळा बोगद्यातच राहिलो. तेव्हा मलाही वाटले होते की आपण ठोंब. तो शिक्का पुसायला मला बरीच वर्षे लागली, म्हणून त्या बापाचा प्रश्न मला झोंबला.

आता गुणाकार करा. तलाठ्याच्या २०२३ च्या भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या. अर्ज दहा लाखांहून जास्त आले आणि परीक्षेला साडेआठ लाखांवर उमेदवार बसले. एका जागेमागे जवळजवळ एकशे नव्वद. त्यांतले एकशे एकोणनव्वद ठोंब असतात का? ज्वारी उफणताना वारा फार सुटला तर भरला दाणाही भुसाबरोबर उडून जातो. दाण्याचा दोष काय त्यात?

हिशेब मांडा

आपल्या चळवळीने शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवली, उत्पादन खर्च काढायला. बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी, घरच्या माणसांची मजुरी, जमिनीचा खंड, सगळे धरायचे. मग एका नोकरीचा उत्पादन खर्च आपण कधी काढला?

पुण्यातली खोली, मेस, अभ्यासिका, पुस्तके, अर्जांची फी, जाणे-येणे मिळून महिन्याला दहा हजार धरा. ज्याला कमी वाटतात त्याने जास्त धरावेत. चार वर्षांचे झाले चार लाख ऐंशी हजार. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,१२१ रुपये क्विंटल होता. त्या भावाने हे सदुसष्ट क्विंटलांहून जास्त कापूस झाले. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर साडेतेरा एकरांचे एका सालाचे सगळे पीक, तेही खर्च न वजा करता. मालदांडी ज्वारीच्या त्याच सालच्या ३,४२१ च्या भावाने एकशे चाळीस क्विंटल. आणि जिथे हमीभावाला खरेदीच होत नाही तिथे पोती आणखी वाढवा.

यात पोराची चार वर्षांची मजुरी धरलेली नाही. आईने मेसचा डबा परवडेना म्हणून एसटीने पाठवलेल्या भाकरी धरलेल्या नाहीत.

एवढा खर्च करून पीक हाती येण्याची शक्यता किती, ते वर सांगितले. इतके बेभरवशाचे पीक कापूसवाल्यानेसुद्धा कधी घेतले नसेल.

आता हिशेबाची दुसरी बाजू. याच तलाठी भरतीत खुल्या गटाला १,००० रुपये आणि राखीव गटाला ९०० रुपये फी होती. दहा लाख अर्ज सगळे ९०० चे धरले तरी नव्वद कोटी रुपये होतात. साडेचार हजार माणसे नेमायची आणि दहा लाख बेरोजगारांकडून नव्वद कोटी गोळा करायचे. बाजार समितीत आडत्यानेसुद्धा माल विकला गेल्याशिवाय आडत कापलेली मी पाहिलेली नाही. इथे माल विकला जावो न जावो, आडत आधी.

आणि एवढे पैसे घेऊन चाळण तरी नीट? २१ ऑगस्ट २०२३ ला तलाठ्याच्या परीक्षेत सर्व्हर बंद पडला. नागपूर, अमरावती, अकोल्याकडची पोरे सकाळच्या सत्राला दोन दोन तास दारात उभी होती. निकाल लागला तेव्हा २०० गुणांच्या पेपरात २१४ गुण मिळालेला उमेदवार निघाला. वेगवेगळ्या सत्रांचे पेपर कमी-जास्त अवघड म्हणून गुण सारखे करण्याचे एक सूत्र लावतात, त्यातून हे झाले, असा खुलासा आला. सूत्र असते हे मलाही मान्य आहे. पण शंभर किलोच्या काट्यावर एकशे सात किलो माल दाखवणारा काटा वजनमापवाले जप्त करतील की नाही?

त्याआधीचे २०२१ साल आठवा. ऑक्टोबरात आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला. १२ डिसेंबरची म्हाडाची परीक्षा ऐन आदल्या रात्री रद्द झाली. पोरे रात्रीच्या गाड्यांत बसलेली होती. त्याच महिन्यात शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढे सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. त्याच्याही आधी 'महापरीक्षा' नावाचे पोर्टल होते. तक्रारींचा ढीग साचल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये ते बंद करावे लागले. शिक्षकांची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ ला झाली ती नंतर थेट २०२३ ला. मधली पाच वर्षे डी.एड. झालेल्या पोरींनी काय करायचे होते? त्यांची लग्ने झाली.

हे पोरींचे जरा थांबून बोलले पाहिजे. पोराला आपण पाच वर्षे देतो, जमीन विकून देतो. पोरीला एक प्रयत्न, तोही घरातले सगळे करून, स्थळ येईपर्यंत. पुण्याच्या खोलीवर तिला पाठवत नाही. बैठकीत मायबहिणी म्हणून भाषण ठोकणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्यांच्या घरी हे मी पाहिले आहे.

आपल्या व्यासपीठावरून आणखी एक वाक्य नेहमी येते: नोकरीच्या मागे लागू नका, शेतीकडे वळा. टाळ्या पडतात. मला ते वाक्य पटत नाही. ज्या शेतीचा खर्च निघत नाही तिच्याकडे पोराला वळवणारे आपण कोण? आण्याच्या पठारावरचा पोरगा तलाठी व्हायला धावतो ते खुर्चीच्या हौसेने नव्हे. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेली रक्कम हातात पडते, हे त्याने आपल्या बापाच्या आयुष्यात एकदाही पाहिलेले नसते. त्याला नोकरी हवी तर ती मागायचा त्याचा हक्क आहे. आपले काम एवढेच की त्या पायी रान जाऊ नये.

गावातल्या गावात

तर त्या बापाला मी सांगितले, पोरगा ठोंब नाही, बॅच लावू नका, पोराला घरी बोलवा. घरी कसे होणार, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. जे त्याला सांगितले तेच इथे लिहितो.

या चाचणीतले निम्मे गणित आपल्या रानातले आहे. ज्वारी दोन ओळींत ४५ आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर पेरली तर हेक्टरी रोपे किती? एका रोपाला ६७५ चौरस सेंटिमीटर जागा, हेक्टरात दहा कोटी चौरस सेंटिमीटर, भागा: एक लाख अठ्ठेचाळीस हजार. तुमची तिफण, आमची पाभर, तीन फणांची असेल तर एका फेरीत १३५ सेंटिमीटर रान उरकते. ८१ मीटर रुंद रानाला फेऱ्या किती? साठ. कापसाचा रुईचा उतारा शेकडा ३४ असेल तर १७० किलोच्या एका गाठीला कापूस किती लागेल? पाच क्विंटल. बारा बाया पाच दिवसांत निंदतात ते रान, दोघी आल्या नाहीत तर किती दिवस? सहा. काळ-काम, शेकडेवारी, प्रमाण, क्षेत्रफळ म्हणून क्लासवाला जे फळ्यावर लिहितो ते हेच. नातेसंबंधाचे प्रश्न तर आपल्या म्हाताऱ्या तोंडी सोडवतात. 'तिच्या आईच्या भावाच्या मुलाची बहीण' म्हटल्यावर सोयरीक जुळवणारी आजी क्षणात सांगते, मामेबहीण, आणि वर तिचे सासर कुठले तेही सांगते.

मग आपली पोरे पडतात कुठे? वेगात. हिशेब येतो, पण तोंडी आणि सावकाश येतो. त्याला हात बसवावा लागतो. शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेची बुद्धिमत्ता चाचणीची पुस्तके घ्या. अंकमालिका, दिशा, सांकेतिक भाषा, घड्याळ, दिनदर्शिका, आरसा, सगळे प्रकार त्यात सोपे करून दिलेले असतात. बी.ए. झालेल्याने लहान पोरांचे पुस्तक कसे धरायचे, ही लाज आधी सोडा. आमच्या त्या वाडीवर बी.ए. झालेला पोरगा आणि त्याची शाळकरी पुतणी एकाच पुस्तकावर बसली. पहिले पंधरा दिवस पुतणी पुढे होती. 'दोन, सहा, बारा, वीस' आले की तो आकड्यांतला फरक मांडत बसायचा, ती तीस म्हणून मोकळी व्हायची.

तीसपर्यंत पाढे, तीसपर्यंत वर्ग, पंधरापर्यंत घन, हे पाठ पाहिजे, सवलत नाही. त्यानंतर जुन्या प्रश्नपत्रिका, एकेका प्रकाराच्या, आधी घड्याळाशिवाय आणि मग घड्याळ लावून. एका प्रश्नाला मिनिट गेले की सोडून पुढे जायचे. गावाकडच्या पोराला हे सर्वांत जड जाते. अर्धवट निंदलेले रान सोडून जायची त्याला सवय नसते. तो एकाच प्रश्नाशी झोंबत बसतो आणि मागचे दहा सोपे प्रश्न वाचायचे राहून जातात. चुकलेल्या उदाहरणांची वेगळी वही ठेवा आणि दर रविवारी तीच पुन्हा सोडवा.

चुकीच्या उत्तराला गुण कापतात की नाही, हे जाहिरातीत आधी वाचा. तलाठ्याच्या २०२३ च्या परीक्षेत कापत नव्हते. तिथे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे गव्हाणीतला कडबा बैलापुढून ओढणे. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत पाव गुण कापतात. तिथे चार पर्यायांतला एक जरी नक्की चूक म्हणून खोडता आला तर उत्तर द्या: अशा तीन प्रश्नांत एक बरोबर आला, दोन चुकले, तरी एकातून अर्धा जाऊन अर्धा उरतो. काहीच खोडता येत नसेल तर वेळ घालवू नका. त्याच राज्यसेवेत २०१३ ला आलेला कल चाचणीचा दुसरा पेपर २०२२ पासून पात्रतेपुरता, ३३ टक्क्यांचा राहिला आहे. अजून त्यावर वर्ष वर्ष घालवणारी पोरे मला भेटतात, कारण क्लासवाल्याकडे जुन्या नोट्स पडून आहेत. केंद्राच्या परीक्षेत हाच पेपर हिंदी माध्यमाच्या मुलांनी रस्त्यावर उतरून २०१५ ला पात्रतेपुरता करून घेतला होता, हेही लक्षात असू द्या. चाळणीची भोके बदलता येतात.

परीक्षा आता बहुतेक संगणकावर होतात. वहीत सोडवणारा पोरगा पडद्यासमोर बावरतो. शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा संगणक संध्याकाळी दोन तास उघडा करून घ्या. कुलूप लावून धूळ खाणारे संगणक मी बऱ्याच गावांत पाहिले. बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय या शासनाच्या संस्थांमार्फत विनाशुल्क प्रशिक्षणाच्या योजना निघतात. जाहिरातीवर लक्ष ठेवून अर्ज करा. आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी पोरांना घोडेगावचे आदिवासी प्रकल्प कार्यालय ठाऊक असते ते हिरड्याच्या आणि दाखल्याच्या कामाला. ही चौकशीही तिथेच करा.

आणि मुदत ठरवा. अर्ज भरण्याआधी बाप-लेकांनी, माय-लेकींनी समोरासमोर बसून ठरवायचे की इतकी वर्षे, इतका पैसा, त्यापुढे नाही. मी दोन वर्षे म्हणतो. घरी राहून, सकाळी रानात आणि संध्याकाळी अभ्यासिकेत. पोरीलाही तेवढीच दोन. लेकीचा अभ्यास गावातच होणार असेल तर "पुण्याला कशी पाठवू?" हे कारण उरत नाही.

जिल्हा बैठकीपुढे ठराव आणायचे आहेत, त्यांचा मसुदा असा: भरती परीक्षेची फी नाममात्र असावी आणि परीक्षा रद्द झाली तर प्रवासखर्चासह परत मिळावी. केंद्र उमेदवाराच्या जिल्ह्यातच असावे. प्रत्येक सत्राचा पेपर उत्तरांसह आणि गुण सारखे करण्याचे सूत्र उदाहरणासह मराठीत जाहीर व्हावे. वर्षाच्या सुरुवातीला परीक्षांचे वेळापत्रक लागावे आणि ते पाळले जावे. पेरणीचे वेळापत्रक पाऊस पाळत नाही, ते आम्ही सोसतो. शासनाने त्याची नक्कल करू नये.

धामणीकडचा तो पोरगा घरी आला आहे. दीड एकर अजून सातबाऱ्यावर बापाच्याच नावावर, बोजा नाही. संध्याकाळी शाळेच्या खोलीत अकरा जण बसतात, त्यांत चार मुली. निकाल अजून कशाचाच नाही, त्यामुळे यशाची गोष्ट म्हणून मी ती सांगत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक यादी आणावी: आपल्या गावात परीक्षा देणारी मुले किती, मुली किती, किती वर्षांपासून, आजवर किती अर्ज, किती फी भरली आणि त्यासाठी काय विकले किंवा गहाण टाकले. नावे नकोत, आकडे हवेत. ज्या गावाला यादी करायला हात कमी पडतील तिथे ते काम त्या परीक्षा देणाऱ्या पोरांकडेच सोपवा. शेकडेवारी त्यांना काढू द्या.